चढाची की पडद्याची

गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "जिने कमी करा आणि सायकल सुरू करा."

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. जळगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझ्याकडे सायकल नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"रस्त्यावरची म्हणतच नाही मी," ते म्हणाले. "घरात बसवायची घ्या. आपल्या रस्त्यांवर चालवलीत तर पुन्हा माझ्याकडेच याल, आणि मग काम नुसत्या गुडघ्यावर भागणार नाही."

हे सगळं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ही माझी पहिली चूक. ते वीज कंपनीतून अभियंता म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसाला ऑफिस आठवतं, चहा आठवतो, सोबतचे लोक आठवतात. यांना निविदा आठवायच्या. तीस-बत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर आणि केबल यांच्या निविदा उघडलेला माणूस घरी बसून भाजी निवडत होता. त्यांनी त्याच संध्याकाळी फूलस्केप कागद काढला आणि वर लिहिलं, 'विषय: घरगुती व्यायामाकरिता स्थिर सायकल खरेदी करणेबाबत.'

"घ्यायची तर एकदाच घ्यायची, आणि चांगली घ्यायची," ते म्हणाले. आमच्या शेजारच्या वहिनींनी आधी एक स्वस्तातली घेतली होती. ती चालवली की भिंतीपलीकडून आम्हाला कुणीतरी रहाट ओढतंय असं वाटायचं. तेव्हा स्वस्ताचा प्रश्न निकालात निघाला होता.

तीन आठवडे छाननी चालली. सतरा सायकलींपैकी पंधरा बाद झाल्या. एक आवाजामुळे, एक तिचे सुटे भाग फक्त बंगळुरात मिळतात म्हणून. आणखी एक बाद झाली ती जाहिरातीतल्या बाईच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता म्हणून. यांचं म्हणणं, ज्या सायकलीवर घाम येत नाही तिचे बाकीचे आकडेही खोटेच असणार.

उरल्या दोन. पहिलीला समोर हा एवढा पडदा होता, आमच्या टीव्हीपेक्षा थोडाच लहान. त्यात परदेशातले शिक्षक रोज शिकवायचे, आणि जगभरातून कोण किती वेगाने पेडल मारतंय त्याची यादी बाजूला सरकत राहायची. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला वर्गणी. दुसरीला पडदा नव्हता, आपलाच टॅब लावायचा. पण तिच्या पोटात मोटर होती. टॅबवर डोंगराचा रस्ता लावला की चढाला सायकलचं तोंड वर उचललं जायचं आणि उताराला खाली जायचं. आमच्या घरात त्यांची नावं पडली, पडद्याची आणि चढाची. दोन्हींच्या किमती अशा की शेजारच्या वहिनींनी ऐकल्याबरोबर त्या सोन्यात मोजल्या. जळगावात कुठलीही मोठी किंमत आधी सोन्यात मोजतात आणि मग वाईट वाटून घेतात. वहिनींना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मी बारावीला शिकवते की उपभोक्ता विवेकी असतो. त्याला आपल्या आवडीनिवडी ठाऊक असतात, त्या तो क्रमाने लावतो आणि जास्तीत जास्त समाधान देणारी वस्तू निवडतो. त्या महिन्यात हा धडा शिकवताना माझा आवाज जरा खाली गेला असावा. शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, आणि त्याला ठरवता येत नसेल तर?" मी म्हटलं, तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

गावातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात आम्ही गेलो. दुकान तीन पिढ्यांपासून एका मारवाडी घराण्याकडे आहे. नाव खेळाच्या सामानाचं असलं तरी चारही भिंतींना करंडक आणि सन्मानचिन्हंच लावलेली, कारण गावात खेळण्यापेक्षा सत्कार जास्त होतात. शेठजी वयस्कर, हळू बोलणारे. यांनी त्यांच्यापुढे तक्ता पसरला. बेचाळीस रकाने होते. शेठजींनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"साहेब, फार मेहनत घेतली," ते म्हणाले. "दोन्ही मागवून देईन. पण मॅडम एकदा तरी अशा सायकलीवर बसल्या का?"

यांनी तक्त्यात तसा रकाना शोधला.

"आधी बसून बघा," शेठजी म्हणाले. "मी आजपर्यंत अशी बारा मशिनं विकली. त्यातली दोन चालतात. बाकीची चालू आहेत, पण चालत नाहीत."

बसायला पडद्याची सायकल धुळ्यात होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी. तिचे मिस्टर तिथे बिल्डर आहेत. देवपुरात त्यांचा बंगला आहे आणि बंगल्यात व्यायामाची स्वतंत्र खोली आहे. सायकल आल्यापासून ते दर महिन्याला घरच्या ग्रुपवर टाकायचे, 'या महिन्यात मुंबईला पोचलो.' पुढच्या महिन्यात, 'मुंबईहून परत आलो.' एकदा तर ते इंदूरला जाऊन परत येऊन वर शिरपूरपर्यंत गेले होते. खाली सगळे हात जोडायचे, अंगठे दाखवायचे. आमचे हे ते वाचून फोन पालथा ठेवायचे. साडू पुढे गेल्याचं दुःख साडूलाच कळतं.

रविवारी आम्ही निघालो. पारोळ्याला पोचेपर्यंत बहिणीचे तीन फोन. पुरणाचे मांडे करू का, बरोबर आमरस चालेल का, आणि शेवभाजी तिखट की बेताची. मी म्हटलं, "अगं, मी व्यायामाचं मशीन बघायला येतेय." ती म्हणाली, "मग काय उपाशी बघणार आहेस का, अक्का?"

त्यामुळे मी त्या सायकलीवर पहिल्यांदा चढले तेव्हा माझ्या पोटात दोन मांडे, वाटीभर रस आणि तर्रीची शेवभाजी होती. व्यायामाच्या खोलीत सगळे जमले होते. माझे यजमान तक्ता आणि पेन घेऊन, बहिणीचे मिस्टर सायकल कंपनीचा टी-शर्ट घालून, बहीण बडीशेपेची वाटी घेऊन, आणि तिच्या सासूबाई दारात खुर्ची टाकून. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्या अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत आणि आपल्याला कोणी उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षाही नसते.

"अक्का, चपलेवर नाही चालत ही," मेहुणे म्हणाले. "हिचे बूट वेगळे असतात." त्यांनी आपले बूट आणले. तळव्याला लोखंडी खूर होता. मला दोन नंबर मोठे होते, म्हणून बहिणीने आत मोजे कोंबले. बूट पेडलवर दाबले तर खट आवाज झाला आणि पाय जागच्या जागी बसले.

"आता तुम्ही आणि मशीन एक झालात," मेहुणे म्हणाले आणि पडदा सुरू केला.

पडद्यावर एक गोरी तरुण बाई आली आणि मोठ्याने इंग्रजीत विचारू लागली की आज मी माझ्या स्वप्नांसाठी काय करणार आहे. बाजूला यादी सरकत होती. त्यात माझा नंबर आठ हजार चारशे आणि काही होता. मी पेडल मारलं तसा तो आठ हजार पाचशे झाला. मी हळू मारत होते असं नाही. माझ्यामागून कॅनडातले काही लोक नुकतेच येऊन बसले होते, असं मेहुण्यांनी समजावून सांगितलं. यांनी विचारलं, "आसनाचा आराम, दहापैकी किती?" मी म्हटलं, "थांबा हो." ती बाई म्हणाली की थांबणं हा शब्द आपल्याला माहीतच नाही.

सहाव्या मिनिटाला शेवभाजी वर आली. मी पेडल थांबवलं आणि उतरायला गेले. पाय सुटेनात.

"टाच फिरवा," मेहुणे म्हणाले. मी फिरवली. बुटाच्या आतल्या आत माझा पाय फिरला, बूट तसाच राहिला. "आतल्या बाजूला की बाहेरच्या?" यांनी विचारलं. मेहुणे जरा विचारात पडले. ते स्वतः उतरताना कसे उतरतात, हे त्यांना आठवेना. मग दोघंही हॉलमध्ये गेले, कारण तिथे वाय-फाय चांगलं होतं आणि बूट सोडवण्याचा व्हिडिओ शोधायचा होता. बूट ढिले करून पाय काढावा, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. आम्ही सगळे पदवीधर होतो.

दारातल्या आजी उठल्या, जवळ आल्या, खाली वाकून पेडल पाहिलं.

"हाई सायकल शे का सापळा शे?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या हाताने माझी टाच बुटासकट धरली, बाहेरच्या अंगाला एक हिसडा दिला आणि खट करून पाय मोकळा केला. दुसराही तसाच. त्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या आणि बडीशेप मागितली.

मी घाम पुसत सायकलीच्या पायथ्याशी फरशीवर बसले. बहीण माझ्याशेजारी बसली. पुरुष अजून हॉलमध्ये व्हिडिओ बघत होते. मी खालच्या आवाजात विचारलं, "तू चालवतेस का गं ही?"

"मी? दिवाळीत चार दिवस चालवली."

"मग भाऊजी खरंच मुंबईला जातात का यावर?"

बहिणीने दाराकडे पाहिलं. सासूबाई बडीशेप चावत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, निदान त्यांना नको ते तरी.

"ते सकाळी दहा मिनिटं चालवतात," बहीण म्हणाली. "दहा मिनिटांत देवपूर ओलांडलं तर पुष्कळ. बाकीचं सगळं आमच्या स्वयंपाकाच्या ताई करतात."

मला आधी कळेचना. तिने सांगितलं ते असं. स्वयंपाकाच्या ताई पंचेचाळिशीच्या. दुपारची जेवणं झाली की संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत मध्ये तीन तास मिळतात. एवढ्यासाठी घरी जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता. एके दिवशी त्यांनी विचारलं, बाई, मी जरा बसून बघू का. बसल्या, आवडलं. तेव्हापासून रोज तासभर. मशीन मेहुण्यांच्याच नावावर उघडलेलं असतं, त्यामुळे ताईंचे सगळे किलोमीटर त्यांच्या खात्यावर चढायचे.

"आणि त्यांना संशय येत नाही?"

"ते म्हणतात, मशीन नाडीचे ठोके बघून हिशेब करतं, आपला स्टॅमिनाच तसा आहे," बहीण म्हणाली. "अक्का, तू सांगू नकोस हं. त्यांची तब्येत खरंच सुधारलीय त्यामुळे. आकडा बघून खूश असतात, तर ब्लडप्रेशरही उतरलंय."

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. ताई भांडी पुसून लावत होत्या. बारीक, काटक, पदर खोचलेला. माझ्याकडे बघून हसल्या. मला त्यांच्याशी बोलायचंच होतं. महिनाभरात मी डॉक्टरांचं, अभियंत्याचं, बिल्डरचं, शिक्षकांच्या खोलीतल्या अकरा जणांचं आणि पुण्यातल्या भाच्याचं मत ऐकलं होतं. भाच्याने तर तासभराचा व्हिडिओ पाठवला होता. ही पहिली व्यक्ती होती जी रोज तासभर सायकल चालवत होती.

"कशी आहे हो सायकल?" मी विचारलं.

"चांगली शे, ताई," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याशी बोलायचं म्हणून शहरी मराठीवर आल्या. "बसायची गादी मात्र कडक आहे. मी आपली घडी घातलेली गोधडी टाकते. बूट नाही घालत. जुन्या टायरचा तुकडा पेडलला बांधते आणि चपलेवर चालवते. साहेब यायच्या आत सोडून ठेवते."

"आणि ती पडद्यावरची बाई?"

"तिला पहिल्याच दिवशी बंद केली. ती ओरडते आणि माझी लय तुटते. मी खिडकीतून लिंबाचं झाड बघते." मग म्हणाल्या, "एकच आहे, सगळं सपाट वाटतं हो. माझं माहेर लळिंगच्या डोंगराच्या अंगाला. लहानपणी भावाच्या सायकलीवर शेतात डबा न्यायचे, तेव्हा चढ लागायचा, मग उतार लागायचा. चढाला शिव्या द्यायच्या आणि उताराला पाय सोडून द्यायचे. या मशिनीवर तेवढं नाही. सारखं चालत राहायचं, कुठे आलं कळतच नाही."

परतताना गाडीत यांनी निकाल वाचून दाखवला. एकूण गुणांत पडद्याची दोन गुणांनी पुढे होती. मी म्हटलं, "चढाची घ्यायची."

"कारण?"

"एका जाणकार व्यक्तीने सांगितलं."

"कोणी?"

"ते सांगता येणार नाही."

"शैक्षणिक पात्रता?"

"रोज चालवते ती व्यक्ती," मी म्हटलं. यांनी मुकटीपर्यंत विचार केला. नाव मी सांगितलं नाही, कारण यांच्या पोटात ते एरंडोलपर्यंतही राहिलं नसतं आणि साडूला फोन गेला असता. शेवटी एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी तक्त्याला पेनाने त्रेचाळिसावा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'प्रत्यक्ष वापरकर्त्याचा अभिप्राय.' त्यात चढाचीला तीन गुण दिले. ती एका गुणाने पुढे गेली. नियमाप्रमाणे झालं म्हणून त्यांचं समाधान झालं.

शेठजींमार्फत मागवलेली सायकल पंधरा दिवसांनी आली, पण घरी नाही. मालवाहू ट्रकवाल्याने ती नशिराबादजवळच्या गोदामात उतरवली आणि पुढचं तुम्ही बघा म्हणून फोन ठेवला. हे जाऊन टेम्पो ठरवून आले. तो सकाळीच रावेरहून केळी भरून येऊन रिकामा झाला होता. त्यामुळे आमची परदेशी सायकल दारात उतरली तेव्हा तिच्या खोक्यावर केळीची वाळलेली पानं चिकटलेली होती आणि वासही तोच. चार हमालांनी ते खोकं पहिल्या मजल्यावर चढवलं. खोकं उघडल्यावर त्यांच्यातला मोठा माणूस सायकलीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊ, चाक एकच दिसतंय." आणि आम्ही काही सांगायच्या आत दुसरं चाक बघायला जिना उतरून टेम्पोपर्यंत जाऊन आला. सापडलं नाही म्हणून त्याला फार अपराधी वाटत होतं. मी त्याला समजावलं की ही अशीच असते, एकाच चाकाची, आणि ती कुठे जात नाही.

"मग एवढी जड कशाला केली?" त्याने विचारलं. यांच्या त्रेचाळीस रकान्यांत याचं उत्तर नव्हतं.

शेजारच्या वहिनी कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. नवं वाहन म्हणून हँडलला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. चाकाखाली लिंबू ठेवायचं तर चाक जमिनीला टेकत नव्हतं. मग ते पुढच्या पायाखाली ठेवलं. त्यामुळे सायकल एका बाजूला कलली आणि ते परत काढावं लागलं. त्याचं सरबत करून सगळ्यांना दिलं.

तो मे महिना होता. जळगावात त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. खोलीत कूलर लावून, खिडकीला वाळ्याचा पडदा सोडून मी टॅबवर परदेशातला बर्फाचा घाट लावला. पेडल मारायला सुरुवात केली आणि खरोखरच सायकलीने हळूच तोंड वर उचललं. मला आवडलं ते. चढाला मांड्या भरून येत होत्या, समोर बर्फ होता, पाठीला कूलरचा वारा. चौथ्या दिवशी मी घाटाच्या अगदी माथ्याजवळ पोचले असताना वीज गेली.

कूलर थांबला, टॅबचं वाय-फाय गेलं, बर्फ गोठला. आणि सायकल तशीच राहिली, तोंड वर करून. मी पुढच्या अंगाला उंच, मागच्या अंगाला खाली, हँडलला लटकल्यासारखी. हे धावत आले.

"खाली घ्या हिला," मी म्हटलं.

"मोटरला सप्लाय नाही," ते म्हणाले. मी हळूच मागून उतरले आणि टेबलावरचा तक्ता उचलला. 'वीजपुरवठा खंडित झाल्यास' असा रकाना होता. अठ्ठाविसावा. त्यात यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'लागू नाही.'

ज्या कंपनीत आयुष्य गेलं तिची वीज जाणार नाही, असं त्यांनी मनापासून मानलं होतं. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. तो विश्वास नोकरीतला होता.

वीज दोन तासांनी आली, पण सायकल खाली आली नाही. मोटर रुसली होती. पुण्याहून माणूस यायला आठवडा लागणार होता. तो आठवडा मी चढावरच काढला, छताच्या पंख्याकडे बघत. वहिनी रोज येऊन विचारायच्या, "पोचलात का वर?" आठव्या दिवशी यांनी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि एकविसाव्या पानावर त्यांना सापडलं की दोन बटणं एकदम दाबून धरायची. धरली. सायकल नमस्कार केल्यासारखी खाली आली. त्यांनी पुण्याच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि तो फोन जरा मोठ्या आवाजात केला.

पावसाळ्यात धुळ्याला एक प्रकार घडला. स्वयंपाकाच्या ताईंच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्या महिनाभराची रजा घेऊन गेल्या. ग्रुपवर मेहुण्यांचा मुंबईचा निरोप आला नाही. मशीननेच त्यांना संदेश पाठवला की तुमची कामगिरी लक्षणीय घसरली आहे. ते घाबरले. सकाळचा वेळ तर तोच होता, दहा मिनिटं, आणि महिन्याचा आकडा साठ किलोमीटरच्या घरात. त्यांनी कोणाला न सांगता नाशिकला जाऊन हृदयाची तपासणी केली. पट्ट्यावर पळवलं, तारा लावल्या, फोटो काढले. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती चालवता. त्यांनी खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग साठच होणार, त्यात बिघडलं काय?

बहिणीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. "घरी आले आणि मशीनचे जुने आकडे काढून बसले," ती म्हणाली. "मग विचारलं, बाकीचं कोण चालवत होतं? मी सांगितलं. अक्का, मला वाटलं होतं आता ताईंची नोकरी जाते. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. आणि मग जेवताना म्हणाले, म्हणजे मुंबईला ताई गेल्या होत्या तर."

"रागाने?"

"नाही गं. कौतुकाने म्हणाले. थोडं वाईट वाटून, पण कौतुकाने."

ताई रजेवरून परत आल्या तेव्हा मेहुण्यांनी त्यांना व्यायामाच्या खोलीत बोलावलं. ताईंना वाटलं आता निरोपच मिळतोय. मेहुण्यांनी मशीनवर त्यांच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं आणि पेडलही बदलून साधी, चपलेची बसवली. आता त्या घरातल्या यादीत दोन नावं असतात. पहिल्या नंबरवर ताई. मेहुणे सकाळी पाऊण तास चालवतात, तरी दुसरेच. बहीण म्हणते, ब्लडप्रेशर पूर्वीपेक्षा थोडं वाढलंय, पण पोट कमी झालंय. ग्रुपवर आता ते काही टाकत नाहीत. मागच्या महिन्यात फक्त एवढंच लिहिलं होतं, 'नाशिक.' मी त्याला अंगठा दिला.

माझं म्हणाल तर आठवड्यातून चार दिवस, कॉलेजला जायच्या आधी अर्धा तास चालवते. पाचव्या दिवशी ठरवते आणि चालवत नाही. जिना चढताना गुडघा अजून बोलतो, पण पूर्वीसारखा ओरडत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, आणि सायकल कोणती घेतली ते त्यांनी विचारलंही नाही.

गेल्या दोन महिन्यांपासून हेही चालवायला लागलेत. ते माझ्यापेक्षा हातभर उंच, त्यामुळे गादीचा दांडा रोज वरखाली करावा लागतो. त्यांनी दांड्यावर दोन खुणा केल्यात, त्यांची निळी आणि माझी लाल. चालवून झालं की पुढच्यासाठी गादी त्याच्या खुणेवर आणून ठेवायची, असं आमचं ठरलंय. मी विसरते. ते विसरत नाहीत. सकाळी मी ओढणी खोचून खोलीत जाते तेव्हा गादी लाल रेघेवर असते आणि हँडलवर धुतलेला नॅपकिन घडी करून ठेवलेला असतो.